बरोबर आहे तुमचं

२ एप्रिल, सोमवार. सकाळी.

ठरलं. आजपासून रागवायचं नाही.

खरं म्हणजे मी रागावतच नाही. माझा आवाज मुळात भरदार आहे, एवढंच. पण हे कुणी समजून घेईल तर शप्पथ! काल हेच बायकोला समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, अहो हळू, कपाटाच्या काचा वाजतायत. काचा सैल आहेत. सुताराने बसवल्या तेव्हाच मी त्याला फैलावर घेत होतो, तर हिनेच मला आत पाठवलं. आता वाजतायत तर मी काय करू?

मूळ मुद्दा असा. लेकीला दोन नोकऱ्या चालून आल्यात. एक इथली, घरापासून चालत जाण्यासारखी. दुसरी पार लांबच्या शहरात, गाडीत एक दिवस आणि एक रात्र काढली की येतं ते. पगार सारखा, काम सारखं. मग यात विचार कसला करायचा? पण बाईसाहेबांनी दोन्हीकडून महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतलीय. मी बायकोला विचारलं, अडलंय कुठे एवढं? तर म्हणाली, ती घराकडे बघून ठरवणार आहे. मी म्हटलं, घराला काय धाड भरलीय? त्यावर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती अशी बघते ना, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलगी गेली तर मी काय करायचं? बायको वाद घालत नाही. वाद घालते ती लेक. मी एक बोललो की ती दोन बोलते, कंबरेवर हात ठेवून, माझ्याच आवाजात. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिच्याशी एकदा कडाक्याचं भांडण झालं की मग चहा गोड लागतो. ती इथेच राहिली पाहिजे. तीस तारखेच्या आत मी असा शांत होऊन दाखवतो की मायलेकी तोंडात बोटं घालतील.

मोबाईलवर मेडिटेशनचं ॲप घेतलं. रविवारच्या 'जागृत जीवन' वर्गात नाव घातलं. पर्सनल ग्रोथ कशाला म्हणतात ते दाखवतोच आता सगळ्यांना.

३ एप्रिल, मंगळवार.

पहाटे उठून चटई टाकली. ॲपमधली बाई म्हणाली, श्वासाकडे लक्ष द्या. दिलं. म्हणाली, विचार येतील, येऊ द्या. आले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्याने भिंतीत ड्रिल घातलं. हा माणूस आम्ही इथे राहायला आल्यापासून भोकं पाडतोय. भिंत आहे का चाळणी? काय टांगतो काय एवढं?

वर गेलो. अत्यंत शांतपणे समजावून सांगितलं. खाली येतो तर बायको दारात. म्हणाली, तळमजल्यावरच्या आजी विचारतायत, कुणाचं काही बरंवाईट झालं का. जिन्यात आवाज घुमतो, तो काय माझा दोष? बिल्डरला धरा.

ॲपने विचारलं, आता कसं वाटतंय? आणि पाच हसरे चेहरे दाखवले. त्यातला एकही मला लागू नव्हता. मोबाईल सोफ्यावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. सोफा लांब होता.

५ एप्रिल, गुरुवार. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.

लोक म्हणतात मला राग आवरत नाही. त्यांनी एकदा इथे येऊन बघावं. वॉशिंग मशीनच्या कंपनीचा तक्रार विभाग मी चालवतो. दिवसभर अख्खं गाव फोनवरून आमच्या अंगावर धावून येतं. पाणी तुंबलं, कपडे फाटले, मशीन रांगत रांगत स्वयंपाकघरात गेलं. आजपर्यंत माझा आवाज एकदाही चढलेला नाही. एकदाही! कारण मी पद्धत बसवलीय. नवीन मुलींना मी स्वतः शिकवतो.

ओरडणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, कितीही लांबू दे. मग म्हणायचं, बरोबर आहे तुमचं. मग त्याचीच तक्रार त्याच्याच शब्दांत त्याला परत ऐकवायची, म्हणजे त्याला वाटतं आपल्याला समजून घेणारं कुणीतरी भेटलं. मग सांगायचं, नोंद करून घेतली आहे. आणि शेवटी गोड आवाजात विचारायचं, आणखी काही सांगायचंय का? यावर कुणीही काही सांगत नाही. थकलेला असतो. फोन ठेवतो. मधल्या वेळात आपण आपली हातातली कामं करावीत. खिडकीपाशी बसणारीने याच वेळात दोन स्वेटर विणले.

आणि मशीन? ते दुरुस्ती विभागाचं काम. आमचा त्याच्याशी संबंध नाही.

मागच्या सुट्टीत लेक दोन महिने माझ्याच हाताखाली होती. तिच्याइतकी तयार मुलगी मी पाहिली नाही. एका बाईने फोनवर तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि ही इकडे शांतपणे संत्रं सोलतेय. पोरगी माझी आहे, शेवटी.

८ एप्रिल, रविवार.

पहिला वर्ग. चपला बाहेर काढायच्या होत्या. कुणा शहाण्याने त्याचे बूट थेट माझ्या चपलांवर ठेवले. ते मी जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवले. खालच्या मजल्याच्या.

शिकवणाऱ्या बाई फार हळू बोलतात. मागच्या रांगेत ऐकू येत नव्हतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. पण विषय उत्तम. साक्षीभाव! म्हणजे राग आला तर त्याला दाबायचं नाही, त्याच्याशी झगडायचं नाही. तो येतो, जातो, आपण फक्त बघायचं.

अरे, मग हे आधी का नाही सांगितलं कुणी? मी इतकी वर्षं उगाच बोलणी खाल्ली. मी रागावतच नव्हतो. माझ्यातून राग जात होता. मी आपला बाजूला उभा होतो.

९ एप्रिल, सोमवार.

साक्षीभावाचा पहिला प्रयोग. संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर ओला टॉवेल. माझ्या बाजूला. गादी ओलीचिंब. राग आला. मी पाहिला. बाई म्हणाल्या होत्या अडवू नका, मी अडवला नाही. तो बराच वेळ गेला. टॉवेलपासून निघून गेल्या वर्षीच्या हरवलेल्या छत्रीपर्यंत गेला.

लेक आतून आली, कंबरेवर हात ठेवून. म्हणाली, बाबा, एका टॉवेलसाठी एवढं? तू काय युद्ध पुकारलंयस का? मी म्हटलं, मी काहीच करत नाहीये, मी फक्त साक्षी आहे. ती म्हणाली, मग साक्षीदाराला जरा हळू बोलायला सांग, मला उद्या त्या कंपनीवाल्यांना फोन करायचाय आणि डोकं फुटायची वेळ आलीय. मी म्हटलं, माझ्या घरात मी कसं बोलायचं ते मला शिकवू नकोस. तिने दार आपटलं. मीही आपटलं. तिचं जास्त जोरात आपटलं गेलं, कारण तिचं दार नवीन आहे.

मग चहा झाला. चहाच्या वेळी ती म्हणाली, बाबा तू अशक्य आहेस. मी म्हटलं, तूही. बरं वाटलं.

१३ एप्रिल, शुक्रवार.

मेहुणा जेवायला आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. हा माणूस माझ्या डोक्यात जातो. कशानेच चिडत नाही. एकेक घास चावून चावून खातो. येताना याची गाडी बंद पडली, भर उन्हात ढकलावी लागली, आणि सांगतो कसा, तर छान व्यायाम झाला! ना ॲप, ना वर्ग, ना पहाटे उठणं. काडीची साधना न करता हा शांत, आणि मी घाम गाळतोय. हा सरळसरळ अन्याय आहे. मी त्याला तसं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, खरंय भाऊजी. खरंय काय? वाद घाल की!

मग मी जरा, म्हणजे माझ्यातून जरा, पाण्याचा जग आपटला गेला. जग जुनाच होता.

नंतर त्यानेच विषय बदलला. म्हणाला, भाऊजी, तुमच्या ऑफिसातल्या मुली दिवसभर लोकांचं ओरडणं कसं हो सहन करतात? आवडीचा विषय. मी सगळी पद्धत नीट समजावून सांगितली. तो म्हणाला, कधी वाटत नाही का त्यांना, उलटून बोलावं? मी म्हटलं, छे! ग्राहकाशी भांडायचं कशाला? भांडायचं ते आपल्या माणसाशी. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याच्यावर तोंड कोण वाया घालवणार!

सगळे मन लावून ऐकत होते. लेक तर घास हातात धरून बसली होती. तिला सगळं पाठ आहे, तरी नव्याने ऐकल्यासारखं ऐकत होती. नंतर ती आणि बायको गॅलरीत बराच वेळ कुजबुजत होत्या. मी गेलो तर गप्प झाल्या. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी असणार. वाढदिवस नोव्हेंबरात आहे, पण तयारीला वेळ लागतो.

१४ एप्रिल, शनिवार.

मौन पाळलं. ॲपवर लिहिलंय, आठवड्यातून एक दिवस मौन, मन आरशासारखं होतं. अडचण आली ती चिठ्ठ्यांची. बोलायचं नाही म्हणजे लिहावं लागणार. 'मीठ नाही.' 'मीठ नाही!!' 'पंखा कुणी चालू ठेवला?' शेवटची लिहिताना पेनाचं टोक कागदातून टेबलात गेलं. दुपारी बायको म्हणाली, अहो, त्यापेक्षा बोला. तुमच्या चिठ्ठ्या जास्त ओरडतायत.

मौन सोडलं. आणि मौन का सोडलं ते तिला सविस्तर सांगितलं.

१६ एप्रिल, सोमवार.

चमत्कार!

घरी आलो. बाथरूममधला दिवा चालू, गीझर चालू, आत कुणी नाही. माझ्यातून राग निघाला. नेहमीसारखा दुसऱ्या वाक्याला लेकीचा आवाज येणार म्हणून मी थोडी जागा सोडली. आवाज आला नाही. ती दारात उभी राहून ऐकत होती. नीट. पूर्ण. मी पार शेवटपर्यंत बोललो. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकलंय हे मला आठवत नाही.

आणि मग ती म्हणाली, बरोबर आहे बाबा तुमचं.

तुमचं! जन्मल्यापासून मला अरे-तुरे करणारी पोरगी अहो-जाहो करायला लागली. पुढे म्हणाली, तुम्ही दिवसभर राबून येता आणि इथे दिवे नुसते जळत असतात, तुम्हाला त्रास होणारच. अगदी माझेच शब्द. जणू माझ्या मनात शिरून बोलत होती. लक्षात ठेवते म्हणाली, आणि काही झालंच नसल्यासारखी आत गेली.

डोळे भरून आले. साधना अशी पसरते. माणूस बदलला की घर बदलतं, बाई म्हणाल्याच होत्या.

१८ एप्रिल, बुधवार.

आता बायकोसुद्धा. भाजीत तिखट जास्त झालं होतं, त्यावर बोललो. ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं. तिखट जास्त झालंय आणि तुम्हाला ते सोसत नाही. जरा पाठ केल्यासारखं म्हणाली, मध्येच लेकीकडे बघितलं, लेकीने मान हलवली. पण प्रयत्न दिसला. या वयात शिकतेय बिचारी.

लेक तर फारच पुढे गेलीय. मी बोलत असतो तेव्हा तिचे हात कामात असतात. आज मटार सोलले, काल सगळ्या कपड्यांच्या घड्या केल्या. मन एकदम स्थिर. कामात ध्यान म्हणतात ते हेच असणार. एकदा विचारतो तिला, कसं जमलं.

मेहुण्याला फोन करून सांगितलं, घरात आता आवाज म्हणून नाही. तो म्हणाला, असं का, वा. त्याला जळायलाही येत नाही धड.

२० एप्रिल, शुक्रवार.

घसा बसलाय. त्याचं असं झालंय की आता मला थांबवणारं कुणी नाही. पूर्वी लेक दुसऱ्याच वाक्याला तोडायची, मग तिचं-माझं जुंपायचं, मग संपायचं. आता मीच बोलतो आणि मीच शेवटाला पोचतो. तिथे गेल्यावर काही नसतं. सगळे माझ्याकडे समजूतदारपणे बघत असतात. मग मला आणखी काहीतरी शोधून बोलावं लागतं. काल पडद्याच्या कड्यांवर बोललो. पडद्याच्या कड्यांबद्दल मला खरं तर काहीच म्हणायचं नव्हतं.

आणि चहा. चहा होतो, पण कपात येऊन पडतो. मला अशक्य कुणी म्हणत नाही.

ही शांतीच. सवय नाही म्हणून जरा टोचते.

२१ एप्रिल, शनिवार.

आज मुद्दाम केलं. बेसिनमध्ये लेकीचे केस होते. तिचे नव्हतेही बहुतेक, पण मी म्हटलं तुझेच. वर म्हटलं, तुझ्या आजीवर गेलीस तू, अव्यवस्थित. हे तिला सगळ्यात जास्त झोंबतं. पूर्वी एवढ्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मी तयारीत उभा होतो.

ती म्हणाली, बरोबर आहे बाबा तुमचं. नोंद घेतली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! अगं, चीड की! तुझे केस नाहीत ते! मी खोटं बोलतोय! असं ओरडलो सरळ. तर म्हणाली, मी समजू शकते तुम्हाला कसं वाटतंय. आणि नखं रंगवत राहिली.

इतकी शांत माणसं घरात असली की माणसाला राग येणार नाही तर काय होणार?

२२ एप्रिल, रविवार.

वर्गात अनुभव सांगायचे होते. मी पहिला उभा राहिलो. सांगितलं, तीन आठवड्यांत घर बदललं, वाद बंद, सगळे माझ्याशी सहमत. टाळ्या पडल्या. बाईंनी मात्र विचारलं, घरच्यांना काय वाटतं? मी म्हटलं, त्यांना वाटतं माझं बरोबर आहे. बाई म्हणाल्या, नाही, त्यांना काय वाटतं? मी म्हटलं, सांगितलं ना आत्ता, ऐकू येत नाही का? बाई म्हणाल्या, आज घरी जाऊन नुसतं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

म्हणजे काय? माझ्या प्रगतीवर शंका? स्वतःच्या वर्गातला माणूस इतका पुढे गेला की पोटात दुखतं या लोकांच्या. वर्ग सोडला. निघताना त्या बूटवाल्याचे बूट पुन्हा खाली नेऊन ठेवले. साक्षीभावाने.

घरी विचारलं नाही. विचारण्यासारखं आहे काय त्यात?

२५ एप्रिल, बुधवार. ऑफिस.

एक आजोबा गेले चार महिने रोज फोन करायचे. मशीनमधून पाणी गळतं. रोज आमच्या मुलींना शिव्याशाप. या आठवड्यात एकही फोन नाही. नवीन मुलगी खूश, म्हणाली, सर, झालं वाटतं त्यांचं समाधान. मला हसू आलं. म्हटलं, वेडे, ओरडणारा ग्राहक गप्प झाला म्हणजे समाधान झालं असं नसतं. त्याने दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं. जोवर ओरडत होता तोवर आपला होता. फाईल बंद कर.

अनुभवाचे बोल. हे लिहिताना छातीत कसंतरीच झालं. ॲसिडिटी असणार. कॅन्टीनवाल्याला झापलं पाहिजे.

२८ एप्रिल, शनिवार.

लेकीच्या खोलीसाठी नवीन टेबल आणलं. इथली नोकरी धरली की संध्याकाळी घरून काही काम करावं लागेल, तेव्हा उपयोगी. जिन्यात वळवताना हमालांनी एक पाय घासवला, त्यांच्याशी माझं चांगलंच वाजलं. त्यातला एक उलटून बोलला. मग मी बोललो. मग तो. पाचेक मिनिटं मस्त जुंपली. कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं. त्याला चहा पाजला.

लेक टेबलावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, छान आहे बाबा, खूप छान आहे. आणि एकदम आत निघून गेली. आनंदाने रडू आलं असणार.

परवा तीस तारीख. मला काळजी नाही. असं शांत घर सोडून कोण जाईल?

३० एप्रिल, सोमवार. संध्याकाळी.

जातेय.

चहाच्या वेळी सांगितलं. त्या लांबच्या गावाला होकार कळवलाय म्हणाली. रविवारी निघणार.

मी उठलोच. साक्षीभाव गेला खड्ड्यात. जे जे होतं ते सगळं बोललो. घर खायला उठेल म्हटलं. ते टेबल धूळ खात पडेल. चालत जाण्यासारखी नोकरी सोडून मैलोन्‌मैल जायचं, हा आडमुठेपणा कुणाकडून घेतलास? मी एवढं सगळं तुझ्यासाठी केलं, पहाटे उठलो, श्वास मोजले, त्या बाईंचं ऐकलं, ते काय उगाच? कपाटाच्या काचा वाजत होत्या. वाजू देत!

तिने तोडलं नाही. एकदाही नाही. मी दमल्यावर म्हणाली, बरोबर आहे बाबा तुमचं. मी गेल्यावर तुम्हाला घर खायला उठेल, टेबल धूळ खात पडेल, आणि चालत जाण्यासारखी नोकरी मी का सोडतेय हे तुम्हाला कळत नाही.

वाक्याच्या शेवटी तिने आवाज किंचित खाली आणला. अगदी थोडा. तसा आणला की ओरडणाऱ्या ग्राहकाला वाटतं, फोनवरची मुलगी नमली. हे जगात एकच माणूस शिकवतो. मीच.

मी खाली बसलो. विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, मामा जेवायला आला होता त्या दिवसापासून. आईलाही मीच शिकवलं. मी बायकोकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती.

मी म्हटलं, अगं, पण मी काय ग्राहक आहे का? मी तुझा बाप आहे! ओरडायचं होतंस माझ्यावर, आपटायचं होतंस दार! तेव्हा ती खूप दिवसांनी मला तू म्हणाली. म्हणाली, बाबा, तूच सांगितलंस ना, भांडायचं ते आपल्या माणसाशी. मी खूप भांडले रे तुझ्याशी. लहानपणापासून भांडतेय. तुला वाटायचं मला मजा येते. मला रात्रभर झोप लागायची नाही. आता त्राण नाही राहिलं.

मग तिनेच जाऊन टेबलावरची धूळ पुसली. धूळ अजून बसलीसुद्धा नव्हती.

माझी पद्धत, माझं ट्रेनिंग, आणि वापरलं कुणावर, तर माझ्यावर! आणि इतकं बेमालूम की विभागप्रमुखाला पंधरा दिवस कळलं नाही. कुणी नवीन मुलीने असं केलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती.

६ मे, रविवार. दुपारी.

पोचवून आलो.

स्टेशनवर खूप बोलायचं असं ठरवून गेलो होतो. तिथे हमालावर ओरडलो, पाटीवरची वेळ चुकीची होती म्हणून चौकशीच्या खिडकीवर ओरडलो, बॅग नीट ठेवली नाही म्हणून बायकोवर ओरडलो. सगळा वेळ त्यातच गेला. गाडी हलायला आली तेव्हा लेक खिडकीशी आली. म्हणाली, आणखी काही सांगायचंय का बाबा?

शेवटची पायरी. इथपर्यंत आलं की आपला हात फोन ठेवायला निघालेला असतो. मीच शिकवलंय. आणि यावर कुणीही काही सांगत नाही, तेही मीच शिकवलंय. तिने ते मुद्दाम विचारलं की सवयीने, की खरंच विचारलं, मला कळलं नाही. मला सांगायचं होतं. जाऊ नकोस म्हणायचं होतं. एकदा चुकलो म्हणायचं होतं. 

मी म्हटलं, हात आत घे, खिडकीबाहेर काढू नकोस, किती वेळा सांगायचं?

ती हसल्यासारखी वाटली. नोंद घेतली म्हणाली. गाडी गेली.

घरी आलो. ड्रिलवालासुद्धा बंद. कधी नाही ते आज बंद. पलंगावर ओला टॉवेल होता, माझाच, सकाळचा. ॲपने आपणहून कळवलं, तुम्ही या आठवड्यात एकदाही बसला नाहीत, तरी हरकत नाही, स्वतःवर प्रेम करा. ॲप काढून टाकलं.

मग राहवलं नाही. बायको इस्त्री करत होती, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं बोललो. म्हटलं, या घरात माणसाने एकटंच बोलायचं का? मी काय भिंत आहे की भिंतीशी बोलतोय? लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी मला तोंडावर सांगायचं होतंस, गप्प बसा म्हणून. एकदा तरी मला मध्ये तोड. आत्ता तोड. हे वाक्य संपायच्या आत तोड! भांड माझ्याशी, मी हात जोडतो तुला.

वाक्य संपेपर्यंत तिने वाट पाहिली. शर्ट उलटा केला, कॉलर सरळ केली.

म्हणाली, बरोबर आहे तुमचं.